चार ए सात एक

तलासरीच्या खोलीत आलेली माणसं आधी तिला शोधायची. टेबल माझं होतं, दाराकडे तोंड करून मीच बसलेली असायची, समोर कम्प्युटर उघडा. तरी माणसं मला ओलांडून मागच्या डब्यांच्या फळ्यांकडे मान लांब करायची आणि विचारायची, "ती नाय का आली?" मी आहे ना, असं मी दोन-तीनदा म्हणून बघितलं. त्यावर माणसं हसायची, "बरं बरं" म्हणायची आणि बाहेर पायरीवर बसून तिची वाट बघायची. मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा सभ्य शब्द झाला. खरं म्हणजे मी जळायचे.

२०१५ साली मी त्या संस्थेत लागले. संस्था म्हणजे डहाणूच्या मसोलीत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस आणि तलासरीला हायवेपासून आत एक भाड्याची खोली. काम जुन्या बियाण्यांचं. डोंगराकडच्या पाड्यांवर घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं भात, नागली, वरी यातलं थोडं बी लोकांनी आमच्याकडे ठेवायचं. घरचं बी कीड लागून, भिजून किंवा उंदरांनी खाऊन गेलं, तर आमच्याकडचं परत न्यायचं. त्या 'परत' या शब्दावर सगळी संस्था उभी होती. ज्याने जे दिलं तेच त्याला परत मिळालं पाहिजे, त्याच्या शेजाऱ्याचं नाही.

आमचे सर शेतकी शाळेतून रिटायर झालेले. ते माणसांना गावाच्या नावाने हाका मारायचे, म्हणून मी 'बोर्डी' आणि ती 'तलासरी'. ती माझ्याच वयाची, तलासरीच्या पूर्वेकडच्या एका गावातली, बारावी झालेली. मी कम्प्युटरची डिग्री घेऊन आलेली. माझ्या घरी चिकूची वाडी, तिच्या घरी माळावरचं भात. ती बी तळहातावर पसरायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायची आणि सांगायची, हे गरवं, हे हळवं, हे दोन घरांचं मिसळलंय. गरवं म्हणजे उशिरा पिकणारं, हळवं म्हणजे लवकर, एवढं मला तिनेच शिकवलं. शिकवताना म्हणायची, "तू वर बसून उंटावरून शेळ्या हाक, मी खाली बघते." सर खो खो हसायचे. मीही हसायचे, पण घरी जाताना बसमध्ये ते वाक्य डोक्यात फिरत राहायचं.

मला घेतलं होतं त्याचं कारण गमतीचं होतं. त्या भागात बियाण्याला पुष्कळदा नावच नसतं. ज्याने घरात आणलं त्याचं ते. सासूचं भात, मामाचं भात. एका घरात तर 'पाहुण्याची नागली' होती. तो पाहुणा कोण, हे घरातल्या कोणालाही आठवत नव्हतं, नागली मात्र दरवर्षी होत होती. सर म्हणाले, "पाच घरांतून पाच सासूचं भात येणार. डबा उघडल्यावर कोणाची सासू ते कसं ओळखणार?" म्हणून प्रत्येक पिशवीला जगात दुसरी नसेल अशी ओळख द्यायची आणि ती मी द्यायची.

तशी ओळख कम्प्युटर क्षणात बनवतो. आत तो एक मोठा आकडा असतो. माणसाला दाखवताना त्याचा मजकूर होतो, बत्तीस खुणांचा. शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं, एवढ्यांतूनच त्या बत्तीस खुणा. मी दोन फंक्शनं लिहिली. एक आकड्याचा मजकूर करायचं, दुसरं मजकुराचा पुन्हा आकडा. जे बाहेर गेलं तेच आत यायला हवं. सरांच्या 'परत'सारखंच ते होतं आणि मला ते फार आवडायचं. पहिल्या दिवशी मी ती बत्तीस अक्षरं कागदावर छापून तिच्या हातात दिली. तिने कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "हे पिशवीवर लिहायचं की पिशवी यात गुंडाळायची?"

दोन आठवडे तिने इमानदारीने बत्तीस अक्षरं मार्करने लिहिली. मग एक दिवस मसोलीच्या ऑफिसात सरांना म्हणाली, "सर, शेवटची चारच लिहिली तर? आणि मराठीत. चिठ्ठी हरवली तरी माणसाला तोंडपाठ राहील." सरांनी टेबलावर थाप मारली. "बघ बोर्डी. डिग्री तुझ्याकडे, डोकं हिच्याकडे."

ते चेष्टेत म्हणाले. माझ्या मात्र पोटात दुखलं ते दुखलंच. वाईट म्हणजे कल्पना चांगली होती. शेवटची चार अक्षरं कुठल्याही दोन पिशव्यांची सारखी नव्हती, मी तपासून पाहिलं. नवीन पिशवीची सारखी आली तर कम्प्युटरने दुसरी ओळख बनवावी, अशीही सोय केली. नकार द्यायला काही कारण सापडलं नाही.

तेव्हापासून ती माझ्या छापील यादीतून शेवटची चार अक्षरं घ्यायची आणि पिशवीवर मराठीत लिहायची. तीच चार अक्षरं एका चिठ्ठीवर लिहून बीवाल्याला द्यायची. मी तिची मराठी अक्षरं ओळखून पिशवी शोधणारं फंक्शन लिहिलं. ते लिहिताना तिला काही विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिची कल्पना, तर निदान फंक्शन तरी माझं एकटीचं. आणि बीवाल्याचं नाव-गावही मी त्या शोधाच्या स्क्रीनवर दाखवलं नाही. ओळख पक्की असली की नावाची गरज काय, हा माझा हट्ट. स्क्रीनवर नुसता डब्याचा नंबर यायचा. नावं-गावं तिच्या वहीत होती.

फंक्शन तयार झाल्यावर मी सगळ्या ओळखींचा मराठी मजकूर केला, त्या मजकुराच्या परत ओळखी केल्या. एकूण एक बरोबर आल्या. पण तिने लिहिलेल्या पाच-सात पिशव्या काही केल्या सापडेनात. प्रत्येकीवर 'ए' होता.

आता हा 'ए' नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराचा उच्चार 'ए', पाचव्या अक्षराचा 'ई'. तिने सरळ कानाला ऐकू येतं तसं लिहिलं होतं. पहिलं अक्षर आलं की 'ए', पाचवं आलं की 'ई'. शाळेतलं पोरही असंच लिहील. पण मी मराठी टाइप करणारी. माझ्या कीबोर्डवर 'ए' उमटवायला पाचव्या अक्षराचं बटण दाबायचं असतं आणि पहिल्या अक्षराने 'अ' उमटतो. माझ्या बोटांना 'ए' म्हणजे पाचवं अक्षर. फंक्शनमध्ये मी तसंच लिहिलं आणि 'ई' म्हणजेही पाचवंच, हे वर जोडून दिलं. माझी तपासणी बरोबर आली, कारण तिथे मजकूरही माझाच होता. माझं मी लिहिलं, माझं मी वाचलं.

तिला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मी केला नाही. तिने विचारलं असतं, "बोर्डी, ए येत नाय तुला?" आणि ते सरांपर्यंत गेलं असतं. मी फंक्शनमध्ये एक जोड दिली. आधी 'ए' म्हणजे पाचवं अक्षर धरून शोध, नाही सापडलं तर पहिलं धरून शोध. सगळ्या पिशव्या सापडायला लागल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं.

२०१६च्या उन्हाळ्यात सरांनी सांगितलं की तलासरीच्या खोलीचा चार्ज आता दोघींपैकी एकीकडे द्यायचा. चावी, नोंदी, बी देणं-घेणं सगळं. ते स्वतः थकले होते. जूनच्या पहिल्या शनिवारी ठरवणार होते. ठरवणार कसलं, सगळ्यांना ठाऊक होतं की चावी तिलाच मिळणार. मला ती खोली आवडायचीसुद्धा नाही. कडुलिंबाच्या पाल्याचा वास आणि फोन मध्येच गुजरातचा टॉवर पकडायचा. पण चावी मला हवी होती. तिला मिळू नये म्हणून हवी होती, हे मी आज लिहू शकते.

त्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यात ती माहेरच्या लग्नाला गेली आणि तिच्या जागी मी खोलीत बसले. सोमवारी रानशेतकडच्या पाड्यावरची एक मावशी आली. मी तिला ओळखत होते. आदल्या वर्षी तिने बी ठेवलं तेव्हा मी नाव विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "नाव कशाला? माझ्या सासूनं आणलेलं." डेटाबेसमध्ये तिच्या भाताच्या नावाचा रकाना रिकामाच होता. आता घरच्या कणगीत उंदीर शिरले होते, घरी मूठभरही उरलं नव्हतं. सासूचं भात आता जगात कुठे असलं तर आमच्या डब्यात होतं.

तिने चिठ्ठी काढली. चार ए सात एक. मी टाइप केलं. स्क्रीनवर डबा अकरा आला. मी डबा उघडून पिशवी काढली, तर तिच्यावर लिहिलेलं, चार ई सात एक.

मी थांबले. चिठ्ठीवर 'ए', पिशवीवर 'ई', दोन्ही तिच्याच अक्षरात. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. चुकली, शेवटी चुकली एकदाची. मी चिठ्ठी पिशवीवर ठेवून फोनमध्ये फोटो काढला.

मावशीने पिशवीतलं मूठभर भात हातावर घेतलं. बोटाने पसरलं, फुंकर मारली. "बेन, हे नाय वाटत आमचं. आमच्याला कुसळं व्हती, अशी लांब."

"साफ करताना झडली असतील मावशी."

"आणि जरा लालसर व्हतं."

"डब्यात राहून रंग उतरतो." हे मी तिथल्या तिथे बनवून सांगितलं. रंग उतरतो की नाही, मला काहीही माहीत नव्हतं.

तिने स्क्रीनकडे बघितलं. "हा काय बोलतो?"

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. हिरव्या चौकटीत डबा अकरा. "हा चुकत नाही," मी म्हटलं.

"बोलतो तर असंल," ती म्हणाली. तिने पिशवी पदरात बांधली, जाताना पायरीवर पुन्हा एकदा उघडून बघितली आणि मग गेली. मी फोटो सरांना पाठवला, खाली लिहिलं, 'चिठ्ठीवर एक, पिशवीवर दुसरं. नशीब कम्प्युटरने सांभाळून घेतलं.'

गुरुवारी काही काम नव्हतं म्हणून मी डबे पुसायला घेतले. सव्वीस नंबरचा डबा उघडला. आतल्या पिशवीवर ठसठशीत लिहिलेलं, चार ए सात एक. मी पिशवीत हात घातला आणि लगेच काढला. बोटात कुसळ गेलं होतं. भात लालसर होतं, कुसळं लांब होती.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी शाळेत वहीभर लिहिली असेन. कुसळ खरोखर किती बारीक असतं ते त्या दिवशी कळलं. मी बोट चोखत टेबलाशी आले, फंक्शन उघडलं आणि माझी जोड वाचली. आधी 'ए' म्हणजे पाचवं अक्षर. ते धरून शोधलं आणि दुर्दैवाने तशी एक पिशवी खरंच होती, दुसऱ्या कोणाची, अकरा नंबरच्या डब्यात. तिचं काहीच चुकलं नव्हतं. दोन पिशव्या, दोन ओळखी, दोन्ही तिने बरोबर लिहिल्या होत्या.

लोक तेव्हा राब, म्हणजे रोपं करायचा तुकडा, भाजून तयार होते, पेरणी दोन-चार दिवसांवर होती. तलासरीहून डहाणू आणि तिथून जीपने रानशेत, दुपारपर्यंत मी पिशवी घेऊन पोचले असते. शनिवार दोन दिवसांवर होता. सरांचा फोटोला निरोप आला होता, 'हे शनिवारी बोलू.' मी पिशवी पुन्हा सव्वीस नंबरच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं. सोमवारी सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. राबात काय सोमवारच्या आत पेरणार आहेत, असंही सांगितलं. मला पाऊसपाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण त्या दिवशी मी अगदी जाणकार झाले.

शनिवारी सरांनी तिच्यासमोर फोन धरला. तिने फोटो जवळ नेऊन, लांब नेऊन पाहिला. "ए आणि ई माझ्याकडून चुकायची नाय सर," ती म्हणाली. "पण पिशवी बघितल्याशिवाय कसं बोलू?" सर म्हणाले, चुका होतात, पण लोकांच्या बियाण्याशी खेळ नको, सध्या चावी बोर्डीकडे राहू दे. त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं की छातीत काहीतरी मोकळं होईल. झालं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी झेरॉक्सवाल्याची गर्दी बघायला खिडकीत गेले.

सोमवारी सकाळी मी बसमध्ये असताना तिचा फोन आला. ती माझ्या आधी खोलीवर पोचली होती. घरमालकाकडे दुसरी चावी असायची.

"बोर्डी, तुझ्या कम्प्युटरात ए म्हणजे काय?"

"ई," मी म्हटलं.

"आणि ई म्हणजे?"

"ई."

"मंग ए कुठं गेला?"

फोनमध्ये मागे डबा बंद केल्याचा आवाज आला. "सव्वीस नंबरचं झाकण पुसलेलं हाय," ती म्हणाली. "मी गेले तवा धूळ व्हती." मग म्हणाली, "मी रानशेतला जाते," आणि फोन ठेवला.

मावशीने रविवारी सकाळी पेरलं होतं.

ते अकरा नंबरचं भात गरवं होतं, खालच्या पाणथळ शेताचं. मावशीचं शेत उतारावर. तिथे सासूचं हळवं भातच व्हायचं, पाऊस जायच्या आत पिकणारं. तलासरी खरी पिशवी घेऊन पोचली तोवर भाजलेला राब सगळा भरला होता. मावशीने त्यातलं निम्मं विहिरीजवळच्या एका कोपऱ्यात घातलं आणि निम्मं मडक्यात बंद केलं, म्हणजे बियाणं तरी राहील. बाकी सगळं शेत माझ्या भाताने भरलं. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली तेव्हा शेत झकास दिसत होतं, असं कळलं. भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या आणि पाऊस निघून गेला. उतारावरची ओल सुकली, लोंब्या पोचट राहिल्या. हे मला सरांनी सांगितलं. मी बघायला गेले नाही.

सरांनी तिला विचारलं होतं, हे झालं कसं. ती म्हणाली, "अदलाबदल झाली सर. चूक दोघींची." मी तिथेच होते. माझं तोंड उघडलं नाही. घरी जाऊन मी फंक्शनमधली ती जोड काढली आणि 'ए'ला पहिलं अक्षर केलं. एका ओळीचं काम. डब्याच्या नंबराखाली बीवाल्याचं नाव-गावही दाखवायला लावलं. मला वाटलं, आता तरी तिच्याविषयी बरं वाटेल. उलट मला तिच्या त्या 'दोघींची'चाही हेवा वाटला. चूक नसताना अर्धी चूक उचलायला जे लागतं, तेही तिच्याकडे होतं आणि माझ्याकडे नव्हतं.

चावी माझ्याकडेच राहिली. ती फिरतीवर जायची, बी आणायची, लिहायची. माझ्याशी नीट बोलायची, पण उंटाची चेष्टा तिने पुन्हा कधी केली नाही. आणि माणसं पायरीवर येऊन मला विचारायचीच, "ती नाय का?"

२०१९ सालच्या शेवटी, कापणी-झोडणी उरकल्यावर, संस्थेने तलासरीला बियाण्यांचं प्रदर्शन भरवलं. मांडव घातला, टोपल्या मांडल्या, प्रत्येक टोपलीला चिठ्ठी बांधायची होती. चिठ्ठीवर ओळखीची चार अक्षरं आणि खाली नाव. रानशेतची मावशी दोन टोपल्या घेऊन आली. एकीत लालसर भात, लांब कुसळांचं. मी टेबलावरून उठणार होते, तेवढ्यात सर आले.

"हे कोणतं मावशी?"

"सासूचं."

"आणि हे?"

"बोर्डीवालीचं."

सर क्षणभर गोंधळले, मग मोठ्याने हसले. "आमच्या बोर्डीचं? हिच्या नावाचं भात?"

"हिनंच दिलं ना," मावशी म्हणाली. "आमच्या पाड्यावर चार घरी गेलंय आता. समदे बोर्डीवालीचंच बोलतात." मग ती माझ्याकडे वळली. "भात वाईट नाय बेन. जागा चुकलेली. दुसऱ्या वर्षी जे काय हाती लागलं ते खाली व्हाळाच्या कडंला घातलं, तर बघ कसं झालं." तिने ओंजळ भरून माझ्यापुढे धरली. दाणे टपोरे होते.

भोवती माणसं जमली. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती. ज्या माणसांनी इतकी वर्षं मला ओलांडून मागे बघितलं, ती मला बघत होती आणि एकमेकांना सांगत होती, हीच ती बोर्डीवाली. मला जे हवं होतं ते नेमकं हेच. सर म्हणाले, टोपलीसह फोटो काढू, बोर्डी मध्ये उभी राहा. तलासरी बाजूला दोरा कापत होती. तिने मान वर केली नाही.

"सर, ते चुकून गेलेलं भात आहे," मी म्हटलं. "त्या वर्षी यांचं शेत गेलं ते त्याच्यामुळे. फंक्शन माझं चुकलं होतं. हिच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. मला गुरुवारीच कळलं होतं आणि मी शनिवारपर्यंत गप्प बसले, चावीसाठी."

सरांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. ते तिच्याकडे वळले. "तू तर दोघींची चूक म्हणाली होतीस."

"तुम्ही चावी दिली तवा ही गप्प व्हती. मंग मी पण बघत बसले, कवा बोलते." तिने दोरा दातांनी तोडला. "तीन वर्षं लागली."

मावशीला सगळं कळलं की नाही, मला माहीत नाही. तिने ओंजळीतलं भात परत टोपलीत सोडलं आणि वरून हाताने सारखं केलं. "पिशवीवालं घर वेगळंच व्हतं म्हंजे," ती म्हणाली. तलासरीने तिला सांगितलं की होय, आणि त्या घराला आपण मावशीच्याच ओहोळाकडच्या पहिल्या कापणीतलं बी दिलंय, त्यांचं काही गेलं नाही. मावशीने मान हलवली. "माझं वरीसभराचं गेलं," ती शांतपणे म्हणाली. "नाव नाय बदलायची मी. लोकांच्या तोंडात बसलंय."

मी पर्समधून चावी काढून टेबलावर ठेवली. सरांनी ती उचलली नाही, तिनेही नाही. प्रदर्शन संपेपर्यंत ती तिथेच पडून होती, लोक तिच्या शेजारी हात टेकवून टोपल्या बघत होते. संध्याकाळी तलासरीने ती दोऱ्याच्या रिळाबरोबर आपल्या पिशवीत टाकली.

पण ते नंतर. आधी चिठ्ठी राहिली होती. तलासरीने एक कोरी चिठ्ठी आणि मार्कर माझ्यापुढे सरकवला. "तुझं भात हाय, तूच लिही."

मी आधी खाली नाव लिहिलं, बोर्डीवालीचं. मग वर ओळख लिहिली. चार, ई, सात, एक. तिने चिठ्ठी उचलली, जवळ नेऊन वाचली.

"ई बरोबर काढलीस," म्हणाली आणि टोपलीला बांधून टाकली.